तांब्याच्या खोलीतले तीनशे

माझे वडील तांबट. कसबा पेठेत खाली कारखाना आणि वर आम्ही. मी मात्र हातोडी धरली नाही. इंजिनियर झालो आणि खराडीतल्या एका कंपनीत राऊटर तपासायच्या कामाला लागलो. राऊटरच्या खोक्यावर जो ठळक आकडा छापतात, तो मोजणाऱ्यांपैकी मी एक. आळीत कोणी विचारलं, "मुलगा काय करतो?" की वडील सांगायचे, "सकाळी जातो, संध्याकाळी येतो." बस. दुसऱ्यांची मुलं काय करतात ते मात्र त्यांना हुद्द्यासकट पाठ. मला हे लागायचं. त्यांच्या तोंडून माझ्या कामाबद्दल एक धड वाक्य ऐकायचं होतं, आणि नोकरीला दहा वर्षं झाली तरी ते काही निघत नव्हतं.

संधी आली ती हॉटेलांची सजावट करणाऱ्या एका बाईंमुळे. त्यांना हातोडीच्या ठोक्यांनी मठारलेले मोठे हंडे हवे होते, पण त्याआधी आमचा कारखाना घरबसल्या, कॉम्प्युटरवर बघायचा होता. मी उत्साहाने आमच्याच कंपनीचा, मीच तपासलेला राऊटर घरी आणला. वडिलांनी चष्मा लावून खोकं फिरवून पाहिलं.

"तीनशे काय?"

"वेग आहे तो, बाबा."

"कोणी मोजला?"

"मी."

ते "हं" म्हणाले. आमच्या घरात ही बरीच मोठी दाद आहे, त्यामुळे मी पुढचं काही सांगितलं नाही. घरात येणारी लाईनच मुळी दहाची होती, हे सांगितलं नाही. राऊटर आणि लॅपटॉपची जोडणी तीनशेची दिसली तरी प्रत्यक्ष माल जेमतेम निम्मा पोचतो, कारण बाकीचा वेळ दोघं एकमेकांना "मिळालं का? मिळालं" असं विचारण्यात घालवतात, हेही नाही. आमच्या अहवालात त्या निम्म्याचा वेगळा रकाना असतो. तो खोक्यावर छापत नाहीत.

राऊटर वर बसवला, कारण लाईन तिथे येत होती. बाईंचा कॉल आला. लॅपटॉप खाली ऐरणीसमोर ठेवला होता आणि मी वर राऊटरपाशी बसून फोनवर तोच कॉल बघत होतो. वडील धुतलेला सदरा घालून ऐरणीपाशी बसले, हातोडी उचलली आणि पडद्यावर तिथेच थिजले. हात वर, तोंड अर्धवट उघडं.

"सर बरे आहेत ना?" बाईंनी काळजीने विचारलं.

सर खाली ठणाठण ठोकत होते. मधे जाडजूड भिंती होत्या, आळीत प्रत्येक घरात एकेक राऊटर केकाटत होता, पण खरी मेख वेगळीच होती. कारखान्यात जमिनीपासून आढ्यापर्यंत तांबं! हंडे, घंगाळी, बंब, पत्र्यांची थप्पी. तांबं लहरींना पलीकडे जाऊच देत नाही. हे मला महाविद्यालयात शिकवलं होतं, मी त्यात पहिला आलो होतो, आणि तांब्याच्या ढिगात राहून मला ते सुचलं नव्हतं.

"तांबं बाहेर काढावं लागेल," मी म्हणालो.

मग वडील, मी आणि आई, तिघांनी मिळून सगळा माल आळीत मांडला. दुचाक्या अडल्या. एकाने बंबाचा भाव विचारला. पण चित्र काय सुरेख आलं! भिंतीतला खिळान् खिळा दिसत होता.

"कारखाना छान स्वच्छ आहे हो," बाई म्हणाल्या. "पण काम कुठे आहे?"

"रस्त्यावर," वडील म्हणाले.

एक हंडा आत आणला, चाललं. दुसरा, तिसरा, चाललं. पाचव्याला वडील पुन्हा थिजले. तेव्हा आम्ही एक हंडा आत नेऊन दाखवायचा, तो बाहेर ठेवायचा आणि दुसरा न्यायचा, असा क्रम धरला. आई हंडा घेऊन तिसऱ्यांदा पडद्यासमोरून गेली तेव्हा बाईंनी विचारलं की हा मघाचाच आहे का. शेवटी त्यांनी दोन नमुने कुरियरने मागवले आणि ते बघून ऑर्डर दिली. राऊटरचा त्यात काडीचाही वाटा नव्हता.

वडील रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते स्वतः वीस लिटरचा बंब विकताना गिऱ्हाइकासमोर वीस लिटर पाणी ओतून दाखवणारे.

"तू मोजलास तेव्हा तीनशे भरला?"

"भरला."

"कुठे मोजलास?"

"ऑफिसात. एक खोली आहे."

"ती दाखव."

कंपनीत घरच्यांना बोलवायचा दिवस असतो, त्या दिवशी मी त्यांना खराडीला नेलं. माझ्या साहेबांनी स्वतः खोलीचं जाड दार उघडलं. आत भिंती, छत, जमीन, सगळीकडे तांब्याचा पत्रा. बाहेरची एकही लहर आत येऊ नये म्हणून. एका स्टुलावर राऊटर, दोन हातांवर दुसऱ्या स्टुलावर लॅपटॉप, आणि पडद्यावर तीनशे. मी आकड्याकडे बोट दाखवलं. वडील भिंतीकडे बघत होते. त्यांनी पत्र्यावर बोटाचं पेर वाजवलं, कान लावला, मग सांध्यावरून अंगठा फिरवत कोपऱ्यापर्यंत गेले.

"पत्रा बरा आहे. सांध्यांना डाख कोणी दिलाय?"

साहेब म्हणाले, बाहेरची माणसं होती.

"इथे फुगलाय. ठोकून बसवायला हवा होता."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. वडिलांनी खोलीभर नजर फिरवली.

"इथे राहतं कोण?"

"कोणीच नाही, बाबा."

"मग हे तीनशे कुणासाठी?"

साहेब मोठ्याने हसले. मला हसू आलं नाही. त्या आकड्याखाली सही माझी असते, आणि तो आकडा कुणाच्याच घरी भरत नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. परत आम्ही बसने आलो.

आळीत शिरलो तर समोरचे तांबट काका दारातच उभे.

"आज नवा सदरा घालून कुठे?"

"पोराच्या कामावर गेलो होतो," वडील म्हणाले. आणि थांबले नाहीत. "अख्खी खोली तांब्याची आहे. छतसुद्धा! एक सांधा सोडला तर काम चोख. हा तिथेच असतो दिवसभर. लोकांना वाटतं शिकून धंदा सोडला. कुठला सोडतोय? तांबटच आहे तो."

काकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. त्या खोलीतल्या एका खिळ्यालाही मी कधी हात लावला नव्हता. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण वडिलांचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि मी मान डोलावली.