गजराबाईच्या अंगठ्याचं पत्र

अणदूरच्या महिला मंडळाचा रेडिओ गजराबाईच्या ताब्यात असायचा. गुरुवारी दुपारी एका कुटुंबाची श्रुतिका लागे, आणि ऐकायला किती बाया आल्या ते ती ज्वारीचे दाणे टाकून मोजायची. चार वर्षांत श्रुतिकेचे तीन लेखक झाले. पहिल्याच्या वेळी तीसेक बाया यायच्या. मग एक बाई लिहू लागल्या. त्यांच्या सासवा-सुना गल्लीतल्यासारख्याच भांडायच्या. मंडळाचा ओटा पुरेना, बासष्ट बाया झाल्या. तिसरा लेखक आला आणि सुना भाषणं देऊ लागल्या. उरल्या अठरा.

एकोणीसशे बासष्ट साली आकाशवाणी केंद्रानं गावोगावच्या श्रोत्यांचे आकडे मागवले. गजराबाईला लिहिता येत नव्हतं. शेजारच्या चंद्रप्रभाबाई शाळेत शिकवायच्या. दहा वर्षांचा घरोबा. त्यांनी पत्र लिहून मोठ्यानं वाचून दाखवलं. तीस, बासष्ट, अठरा. गजराबाईनं अंगठा उठवला.

महिन्याभरानं श्रुतिका संपल्यावर निवेदक बोलला, "अणदूरच्या गजराबाई कळवतात, नव्या लेखकांच्या काळात त्यांच्याकडे बासष्ट भगिनी जमतात. मागच्या लेखिकेच्या वेळी अठराच येत."

ओट्यावर सोळा बाया होत्या. सगळ्यांनी वळून तिच्याकडं पाहिलं. 

ती तशीच चंद्रप्रभाबाईंच्या दारात गेली. त्या गहू निवडत होत्या.

"बाई, तुमी लिवलं एक अन् मला वाचून दाखवलं एक?"

चंद्रप्रभाबाईंनी मान वर केली नाही. "ते नवे लेखक माझं नाटुकलं रेडिओवर घेणार आहेत, गजरा. शब्द दिलाय त्यांनी."

"मग तुमच्या नावानं धाडायचं."

"माझं कोण ऐकतंय? मोजणारी तू."

"म्या डोळं झाकून अंगठा दिला वो तुमाला," गजराबाई म्हणाली आणि दारातूनच परत फिरली.

पुढच्या गुरुवारी तिनं बायांना सांगितलं, "ते आकडे माझे न्हाईत."

"मग अंगठा कुणाचा?" मथुराबाईनं विचारलं.

"माझाच," ती म्हणाली. निम्म्या बायांना ते पटलं, निम्म्यांना नाही.

पंचायतीतल्या कारकुनाकडून तिनं खऱ्या आकड्यांचं दुसरं पत्र लिहवून घेतलं. अंगठा उठवण्याआधी ते तीन जणांकडून वेगवेगळं वाचून घेतलं. केंद्राचं उत्तर आलं: श्रुतिकेचं पुढचं वर्षही त्याच लेखकाकडे दिलेलं आहे, कळावे.

दिवाळीनंतर चंद्रप्रभाबाईंचं नाटुकलं लागलं. गजराबाईनं ठरल्या वेळी रेडिओ लावून दिला आणि घरी निघून गेली. संध्याकाळी बाया म्हणाल्या, चांगलं होतं. तेच तिला जास्त लागलं.