बोल्सातले तीन फ्यूज

जयराम लायनमन गेला तेव्हा तिन्ही फ्यूज त्याच्या बोल्सात होते. आमच्या चोपडे गावात खिशाला बोल्स म्हणतात, आणि जयरामच्या बोल्सावर सगळ्या वाड्याचा, वस्तीतल्या घराघराचा विश्वास होता. दुरुस्तीला निघाला की आधी तो ट्रान्स्फॉर्मरकडे जाई, तिथले पांढरे चिनी मातीचे तीन फ्यूज उपसून शर्टाच्या बोल्सात घाली, मगच खांबावर चढे. "वीज आता माझ्या बोल्सात!" असं वरून ओरडून सांगे. बोल्स फाटू नये म्हणून त्याची बायको शेवंती प्रत्येक शर्टाला दुहेरी टीप मारून द्यायची. सव्वीस वर्षं हे चाललं. माणूस किरकोळ, जिभेचा फटकळ, पण चहा त्याला आमच्याकडचाच लागे.

मी हायस्कूलात विज्ञान शिकवतो. त्यामुळे वाड्यावर स्मार्ट मीटर आणि छपरावरचं सोलर सगळ्यात आधी माझ्याकडे आलं, आणि शहाणपणही. जास्तीची वीज घरातून उलटी लाइनीत जाते आणि मोबाइलवर 'दिलेली वीज' म्हणून हिरवी रेघ उमटते, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत सुटलो. जयरामला दाखवलं तेव्हा त्याचा चहा कपातच राहिला.

"म्हणजे वीज आता दोनूय वाटांनी येतली?"

"अरे, लायन गेली काय सोलार आपसूक बंद पडता. तशी सोयच असा."

"तुमची सोय तुमका, मास्तर. माका भंय दिसता."

लायनमनला विजेची भीती, म्हणून मी खो खो हसलो. ते हसणं आठवलं की आज स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

सोय खरीच होती, पण तिनेच माझं हसं केलं. लाईट गेली की माझ्याही घरात काळोख. "मास्तराच्या पाख्यार सूर्य आणि घरात काळोख," लोक माझ्या छपराकडे बोट दाखवून चिडवत. गणेशचवथीच्या तोंडावर ते फारच झोंबलं. मी बॅटरीचा इन्व्हर्टर आणला. वायरमनला सवड नव्हती, म्हणून दोन्ही टोकांना पिन असलेली वायर स्वतःच बनवली. एक टोक इन्व्हर्टरमध्ये, दुसरं भिंतीतल्या सॉकेटमध्ये, की घरभर उजेड. फक्त आधी मेन स्विच खाली करायचा. नाहीतर वीज मीटरमधून बाहेर लाइनीवर जाणार. हे मला पक्कं ठाऊक होतं. विज्ञानाचा मास्तर ना मी!

चवथीदिवशी दुपारी बाराच्या सुमारास वारा सुटला आणि फणसाची फांदी तारांवर पडली. आमचं घर लाइनीवरचं शेवटचं, आणि तार तुटली ती आमच्या अलीकडची, म्हणजे आमच्या दारातला तुकडा बाकीच्या लाइनीपासून सुटा पडला. जयराम खालच्या नदीकाठच्या घरातून सणाचं पान सोडून आला. ट्रान्स्फॉर्मरकडे जाऊन आला, खिडकीतून मला बोल्स थोपटून दाखवला आणि आमच्या दारातल्या खांबावर चढला.

आत आरतीची वेळ झाली होती. गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखालचे दिवे विझलेले, पाहुणे खोळंबलेले. मेहुणा हसत म्हणाला, "भावोजी, खंय तुमचो सूर्य?" माझ्या हातात तबक होतं. ते मी माझ्या बायकोच्या, सुमंगलेच्या हातात कोंबलं, धावत गेलो आणि पिन सॉकेटमध्ये खुपसली. दिवे लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, झांजा सुरू झाल्या. मेन खाली करायचा राहिला.

बाहेर हाक आली असेल, तर ती झांजांत बुडाली.

आरती संपल्यावर माझी नजर मेनवर गेली. तो वरच होता. पण मी आधी बाहेर धावलो नाही. आधी वायर उपसून माळ्यावर टाकली, मग बाहेर गेलो. जयराम पट्ट्याला लोंबकळत होता.

"वय झालं होतं, फ्यूज काढायला विसरला असणार," असं गावात बोलू लागले. मी मान हलवत राहिलो. भित्रा माणूस आहे मी, दुसरं काय म्हणू!

अकराव्या दिवशी शेवंती आली. पदरातून तीन फ्यूज काढून तिने माझ्या टेबलावर मांडले.

"हॉस्पिटलातसून तेचो शर्ट दिलो. बोल्सातच होते. लोक म्हणतत तो इसारलो. तुमी शिकलेले, मास्तर. वीज खंयसून इली, माका सांगा."

मोबाइल माझ्या हातातच होता. चवथीदिवशी बारा वाजून पन्नास मिनिटांपासून पुढे चौदा मिनिटं हिरवी रेघ. 'दिलेली वीज.' दहा दिवस मी ती रोज उघडून पाहत होतो. पुसायची सोय नव्हती.

मी माळ्यावरून वायर काढून आणली आणि फ्यूजांशेजारी ठेवली. "माझ्या घरातसून," मी म्हटलं.

शेवंतीने वायरीला हात लावला नाही. फ्यूज एकेक करून परत पदरात घेतले, गाठ मारली आणि दारात जाऊन वळली.

"तेची साद माका घराकडे, न्हंयच्या काठार आयकाक इली," ती म्हणाली. "तुमका दारात नाय?"