दोन उत्तरांचं कोडं

मांडवगण फराट्याची सुलक्षणा दहावीपर्यंत शिकलेली. पेपरातलं नेहमीचं सुडोकू ती चहा उकळेस्तोवर सोडवायची. पुढं त्यात गोडी उरेना, तेव्हा मोबाईलवर तिनं वेगळे प्रकार शोधले. एकात कर्णांवरही एक ते नऊ लागायचे, एकात तुटक रेघांच्या चौकटीची बेरीज दिलेली असायची. तिचं लाडकं मात्र वाकड्या तुकड्यांचं. त्यात सरळ चौकोन नसतातच. नऊ घरांचा तुकडा कसाही वळतो. शेवंती तोडतानाही तिच्या डोक्यात आकडे फिरत.

दौंडच्या सुडोकू स्पर्धेत ती शेवटच्या फेरीत पोचली. नवरा संपत मागच्या बाकावर बसलेला. पाच जण, पंचवीस मिनिटं, आणि कोडं नेमकं वाकड्या तुकड्यांचं.

सोळाव्या मिनिटाला चार घरं उरली आणि तिचा हात थबकला. चारही घरांत तीन नाहीतर आठ. असं भरलं तरी बसे, उलटं भरलं तरी बसे. तिनं सगळं पुन्हा तपासलं. चूक सापडेना. तेवढ्यात शेजारी बसलेल्या कुरकुंभच्या इंजिनिअरनं कागद देऊनही टाकला.

ती उठली. "सर, ह्याची दोन उत्तरं निघत्यात."

परीक्षक चांगदेव सरांनीच कोडं रचलेलं. "ताई, सुडोकूला उत्तर एकच असतं. बसा, वेळ चाललाय."

"म्हणूनच सांगतीय."

मागून संपत दबक्या आवाजात म्हणाला, "अगं, कायबी भर आन् दे की!"

ती कागद घेऊन सरांच्या टेबलापाशी गेली. "ही दोन घरं एका तुकड्यात, ती दोन दुसऱ्यात. अदलाबदल केली तरी काय मोडत न्हाई. बघा तुम्ही."

सरांनी कोडं रचलेली वही उघडली. वहीत त्या चारांपैकी एका घरात आठ आधीच दिलेला होता. छपाईत तो गळला होता.

"चूक माझी," सर घाम पुसत म्हणाले. "छापलेला कागद मी ताडून पाहिला नाही."

फेरी रद्द झाली. नवं कोडं बेरजांचं निघालं. इंजिनिअर पहिला आला, सुलक्षणा तिसरी. संपत सारखा धुसफुसत होता.

सर फाटकापर्यंत आले. "पुढच्या वर्षी कोडी छापण्याआधी तपासून द्याल?"

"मग मला स्पर्धेत बसता येईल?"

"ते कसं जमेल?"

"मग न्हाई, सर. मला खेळायचंय."