जाऊबाईंच्या बाजूचे टाके

मैत्रिणींनो, मी चिंधीसुद्धा फेकत नाही, पण एक गोधडी मी इतकी वर्षं ना पुरी केली, ना पांघरली.

नव्वदच्या सुमारास पिंप्राळ्याच्या घरी जाऊबाई आणि मी जुन्या लुगड्यांची ती शिवत होतो. मी एका कडेने, त्या दुसऱ्या कडेने, मध्ये भेटायचं. गोधडी त्यांच्या होणाऱ्या बाळासाठी होती. बाळंतपणातच त्या गेल्या. सुई तशीच टोचलेली राहिली.

ते बाळ म्हणजे आमची मनीषा. आता ती बाळंतपणाला माझ्याकडे आली आहे. आज दुपारी तिने पेटीतून गोधडी काढली.

"काकू, पुरी करू. माझ्या बाळाला हीच हवी."

"नको गं. अपुऱ्या कामात जीव अडकतो म्हणतात."

"माझीच आई ना ती? मग भ्यायचं कशाला?"

ती आईच्या बाजूला बसली आणि डाव्या हाताने टाके घालू लागली. जाऊबाईंसारखेच, उलटे तिरपे. घरात दुसरं कोणी डावखुरं नाही.

वीतभर जागा उरली तेव्हा ती थांबली. "काकू, एवढं राहू द्या. पुरी झाली तर आई जाईल."

देवापुढे दिवा लावला, तरी मन थाऱ्यावर नाही. तुम्ही ती वीतभर जागा शिवली असती का?