माझ्या फाइलमधली ओळ

ताप आला म्हणून तुम्ही डॉक्टरकडे गेलात आणि त्याने थर्मामीटर लावण्याआधी तुमची जात चाचपली, तर तुम्ही काय कराल?

मी ‘थँक्यू मावशी’ म्हणाले. आणि पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट घेऊन बाहेर पडले.

अमेरिकेतलं ॲन आर्बर. फेब्रुवारी. माझ्या पीएचडीचं दुसरं वर्ष. तीन आठवडे मी धड झोपले नव्हते. सकाळी बसमध्ये बसायचे, लॅबचा स्टॉप यायचा आणि मला उठताच यायचं नाही. बस शेवटच्या स्टॉपला जायची, तिथून परत फिरायची, मी आतच. हात इतके थरथरायचे की पिपेट धरता येत नव्हतं. उन्हाळ्याआधी प्रयोग पूर्ण झाला नाही तर पीएचडी सुटणार होती.

कारण मला माहीत होतं. लॅबमध्ये आमच्याकडचाच एक सीनियर होता, पुण्याचा. माझा प्रयोग फसला की हसत म्हणायचा, “कोट्यातली केमिस्ट्री, यार.” बाकीच्यांना त्यातलं काही कळायचं नाही. तो हसतो म्हणून तेही हसायचे. दीड वर्ष मीही हसले.

प्रोफेसरांनी मला विद्यापीठाच्या काउन्सेलिंग सेंटरला पाठवलं. तिथल्या फॉर्मवर एक प्रश्न होता: तुमच्याच पार्श्वभूमीचा काउन्सेलर हवा आहे का? मी ‘हो’वर खूण केली. इंग्रजीत मला रिसर्च करता येतो. रडता येत नाही.

काउन्सेलर बाई पन्नाशीच्या. नेव्ही ब्लू स्वेटर, टेबलावर टिश्यूचा डबा.

“मॅडम वगैरे नको. मावशी म्हण. किती दिवसांनी मराठी क्लायंट आलीय. ॲक्च्युअली मलाच छान वाटतंय.”

मलाही छान वाटलं. खोटं कशाला बोलू? दोन मिनिटं फार छान वाटलं.

मग त्यांनी कॉम्प्युटरवर माझं नाव पुन्हा वाचलं.

“आडनावावरून कळत नाही गं. मूळ गाव?”

“लातूरजवळ.”

“घरी मोठा सण कुठला असतो? गणपती बसतात?”

“चौदा एप्रिल,” मी म्हणाले. “आमच्याकडे जयंती मोठी असते.”

“अच्छा. अच्छा, अच्छा.”

हा अच्छा मी ओळखते. कॉलेजात ऐकलाय, हॉस्टेलच्या मेसमध्ये ऐकलाय. त्यानंतर समोरचा माणूस जास्त गोड बोलायला लागतो.

मी झोपेचं सांगितलं. बसचं सांगितलं. हातांचं सांगितलं. सीनियर काय म्हणतो तेही सांगितलं, आणि म्हणाले की मला वाटायला लागलंय, आपण इथे असायलाच नको होतं. बाईंनी मान हलवली.

“हे बघ, रागावू नको हं. इथे इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात ना, म्हणजे लायकी असून ती नाही असं वाटणं. तुझ्या केसमध्ये आपण थोडं रिअलिस्टिकली बघू या. तुमच्यात बेस कच्चा राहतो. त्यात तुझी काय चूक? आणि तो मुलगा गंमत करत असेल. तुम्ही लोक फार सेन्सिटिव्ह असता.”

त्यांनी मला श्वासाचा एक व्यायाम शिकवला. चार आकडे मोजून श्वास घ्यायचा, चार आकडे मोजून सोडायचा. मी घेतला. सोडला. थँक्यू म्हणाले.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. सुट्टीच्या दिवशी सायकलवरून चळवळीची पत्रकं वाटायचे, आणि छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका मी काढायचे. ‘अपमान गिळू नका’ हे मी पहिलीत अक्षर लावून वाचलं होतं. आणि इथे, हीटर लावलेल्या खोलीत, मऊ खुर्चीत बसून मी तो गिळला. का? कारण मी आजारी होते. आजारी माणूस खोलीत जाताना ढाल बाहेर ठेवून जातो. तशी ठेवल्याशिवाय उपचारच होत नाही. त्या बाईंना ते माहीत होतं. त्यांचं शिक्षणच त्याचं आहे.

शेजारच्या लॅबमधली डेनीस डेट्रॉइटची. काळी. डबा आम्ही एकत्र खातो. मी तिला सगळं सांगितलं. जात समजावून सांगायला अर्धा तास लागला, पुढचं सांगायला दोन मिनिटं. ती म्हणाली, तिच्या पहिल्या काउन्सेलरने तिला सांगितलं होतं, “तुम्ही काळ्या बायका किती कणखर असता.” पाच सेशन कणखर म्हटलं आणि घरी पाठवलं. मग तिने मला विचारलं ते इंग्रजीत, मी मराठीत सांगते: “ती तुला ऐकायला बसली होती की तपासायला?”

आणि तिनेच सांगितलं की आपली फाइल आपल्याला मागता येते.

दुसऱ्या अपॉइंटमेंटला मी खुर्चीत बसले नाही.

“माझ्याबद्दल तुम्ही काय लिहिलंय ते मला वाचायचंय.”

“अगं, त्या क्लिनिकल नोट्स असतात. तुला कळायच्या नाहीत.”

“वाचून बघते.”

त्यांनी रीतसर अर्ज करायला लावला. मी केला. आठवड्याने प्रिंट हातात आली. इंग्रजीत लिहिलं होतं: आरक्षित प्रवर्गातून प्रवेश. शैक्षणिक पाया कमकुवत. सामाजिक पार्श्वभूमीमुळे टीकेबाबत अतिसंवेदनशील.

प्रवेश कुठून मिळाला ते त्यांनी मला विचारलंच नव्हतं. माझे मार्कही विचारले नव्हते. आणि ते मी त्यांना सांगितले नाहीत. तुम्हालाही सांगणार नाही. सांगण्यासारखे आहेत. पण ज्या मुलीला झोप येत नाही, तिचं ऐकून घ्यायला तिची गुणपत्रिका कशाला लागते? नापास झालेल्या मुलीचे हात थरथरत नाहीत का?

ती प्रिंट घेऊन मी पुन्हा गेले.

“ही ओळ खोडा. नाहीतर तिच्याखाली माझं म्हणणं जोडा.”

“तू फार पर्सनली घेतेस. आपण आपलीच माणसं आहोत ना?”

“म्हणून तर तुम्हाला हे लिहिता आलं, डॉक्टर. गोऱ्या बाईला सुचलं नसतं.”

मावशी म्हणाले नाही. त्यांनी टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला. मी रडत नव्हते.

ओळ तशीच राहिली, म्हणून डेनीसला घेऊन मी सेंटरच्या संचालकांकडे गेले. भले गोरे गृहस्थ. त्यांनी आमचं नीट ऐकलं, वहीत लिहूनही घेतलं. मग खरोखर न कळून विचारलं, “पण तुम्ही आणि तुमच्या काउन्सेलर एकाच समुदायाच्या आहात ना? आम्ही मुद्दाम जुळवून दिलं होतं.”

डेनीस माझ्या शेजारी बसली होती. म्हणाली, “तुम्ही आणि मी एकाच राज्यात जन्मलो. मग मी तुमच्यासारखी आहे का?”

ते लाल झाले. बाहेरचा थेरपिस्ट सुचवू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सुचवा, पण आधी फाइल. एका चौकटीत मला आणि त्या बाईंना कोंबताना त्यांना वाटलं होतं की आपण माझ्यावर उपकार करतोय. त्या चौकटीत वर कोण बसतं आणि खाली कोण, हे बघायची त्यांना गरज पडली नव्हती. आम्हाला ते जन्मापासून दिसतं.

माझं म्हणणं फाइलला जोडलं गेलं. सव्वा पान. त्यांची ओळ अजून तिथेच आहे, पण आता ती एकटी नाही. तक्रारीच्या फॉर्मवर वंश आहे, धर्म आहे, लिंग आहे. जात नाही. संचालक ‘विचार करतो’ म्हणालेत. अजून करतायत.

लॅबच्या मीटिंगमध्ये मी ‘कोट्यातली केमिस्ट्री’चा अर्थ सगळ्यांना इंग्रजीत सांगितला. शब्दाशब्दाचा. कोणी हसलं नाही. सीनियर म्हणाला, “सेन्स ऑफ ह्यूमर नाही यार हिला.” नाही. या बाबतीत नाही, आणि यापुढे असणारही नाही.

मी बरी झाले असं समजू नका. माझी नवी थेरपिस्ट गावाच्या दुसऱ्या टोकाला बसते, दोन बस बदलाव्या लागतात. काळी आहे. पहिल्या दिवशी म्हणाली, “जात मला माहीत नाही. मी वाचून येते. तोवर तू तुझ्या झोपेचं सांग.” काही आठवडे झोप लागते, काही आठवडे नाही. उन्हाळ्याची मुदत मला वाढवून घ्यावी लागली. वाढवून घेतली, आणि त्याची लाज वाटून घेतली नाही. मी ही पीएचडी पूर्ण करणार आहे. थरथरत्या हातांनी करावी लागली तरी करणार आहे. आणि माझ्या डोक्यात काय चाललंय ते माझी जात बघून ठरवणाऱ्या कोणाहीपुढे मी पुन्हा तोंड उघडणार नाही. तोंड उघडलंच, तर तक्रार द्यायला.

अमेरिकेत शुगर लँडला, बॉथेलला, इथे, कुठेही, तुम्ही मदत मागायला गेला असाल आणि लहान होऊन परत आला असाल, तर तुमच्याबद्दल तिथे काहीतरी लिहिलेलं आहे. उद्या सकाळी त्या ऑफिसला फोन करा. तुमची फाइल मागा. शेवटच्या पानापर्यंत वाचा. जे खोटं असेल त्याखाली तुमचं म्हणणं लिहा, सही करा, आणि ते जोडल्याशिवाय तिथून उठू नका.