मसनवटीतली मीटिंग

देवाजीभाऊ टेलर काल गेले. शुद्धीत गेले.

हे दुसरं वाक्य गावातल्या कुणाच्याच स्टेटसवर नाही. तिथं आहे 'दारूमुक्तीचा दीपस्तंभ', दोन मेणबत्त्या, आणि भाऊंच्या फोटोपेक्षा मोठा स्टेटस टाकणाऱ्याचा फोटो.

म्हणून लिहितो.

ऐंशीच्या दशकातली ब्रह्मपुरी. मी संस्कृतात एम.ए., म्हणजे बेकार, म्हणून वार्ताहर. देवाजीभाऊ शेजारी. हात इतका थरथरायचा की आमच्या अख्ख्या आळीच्या कॉलरी वाकड्या होत्या.

एक दिवस कौसल्यावहिनी पोरीला घेऊन माहेरी कोरपन्याला निघाल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "दारू सुटली तं न्याले या. नाई सुटली तं येऊ नका."

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं, चंद्रपुरात दारू सोडणाऱ्यांची मीटिंग भरते. कुठे, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"तू चाल संगं," भाऊ म्हणाले. "तुले शुद्ध बोलता येते. मी विचारलं तं लोकं भलतीकडंच धाडतीन."

चंद्रपूरच्या स्टँडवर मी तिघांना शुद्ध भाषेत विचारलं. तिघांनीही भाऊंकडे एकदा पाहिलं आणि अत्यंत आदबीने देशी दारूच्या दुकानाचा रस्ता दाखवला.

शेवटी एका चर्चमागच्या खोलीत ती मीटिंग सापडली. आठ-दहा माणसं, काळा चहा. एकेकाने उठायचं, नाव सांगायचं, आडनाव नाही. "मी अमुक. मी दारुडा. आज प्यालो नाही." झालं.

हार नाही, भाषण नाही, अध्यक्ष नाही. मला वाटलं, हा प्रकार आपल्याकडे चालणं शक्य नाही.

परतीच्या एसटीत नागभीड आलं तेव्हा भाऊ म्हणाले, "दर हप्त्याले इतल्या दूर नाई जमत. अन् एक हप्ता चुकला का मी गेलोच. मीटिंग गावातच पायजे. दोघं जमले तरी होते म्हणते."

दुसरा मिळाला, एक पेन्शनर मास्तर.

जागा मिळेना.

देवळाचे विश्वस्त म्हणाले, "आधी सोडा, मंग या." म्हणजे आधी बरे व्हा, मग दवाखान्यात या.

शाळा म्हणाली, मुलांवर वाईट परिणाम होईल. त्यातल्या कितीतरी मुलांचे बाप आम्हाला मीटिंगला हवे होते.

मग वाचनालय. तिथले सचिव स्वतःला भाऊसाहेब म्हणवून घ्यायचे. मागच्या खोलीत पत्त्यांचा डाव पडला होता. थर्मासमध्ये चहा नव्हता.

"देवाजी, दारुडे इथी बसले तं लोकं काय म्हणतीन?"

"लोकं म्हणतीन, पह्यल्यांदा कोणीतरी वाचनालयात आलं."

दारात उभं राहून हाकललं आम्हाला.

बाहेर पडल्यावर भाऊ दारूच्या दुकानाच्या रस्त्याला लागले. मी मागे. मला वाटलं, संपलं सगळं. वहिनी काही परत येत नाहीत आता.

दुकान आलं. भाऊंची चाल मंदावली. मग ते दुकान ओलांडून पुढे गेले, ते थेट तळ्याकाठच्या मसनवटीत थांबले. तिथं टिनाचं शेड होतं. मयतीला आलेल्यांनी बसायचं, शोकसभा घ्यायची, त्यासाठी.

"इथी कोणाची परमिशन लागत नाई," भाऊ म्हणाले. "तसंही मले इथीच आणणार होते. मी आपल्या पायानं आलो."

दर बुधवारी मीटिंग. मयत आली की आम्ही बाजूला सरकायचो. मयतीला आलेली मंडळी बहुतेक वेळा झोकूनच आलेली.

त्यातलाच एक रामा. खांदा द्यायला आला, तिरडी खाली ठेवली आणि झोकांडी खात आमच्यातच येऊन बसला.

"तुमी कोणाचे नातेवाईक?"

"तुहेच," भाऊ म्हणाले. "घे, चहा पे."

पुढच्या बुधवारी तो मयत नसतानाही आला.

संस्कृतात 'श्मशानवैराग्य' असा एक शब्द आहे. चिता विझेपर्यंत टिकणारं शहाणपण. ज्या पंडितांनी तो घडवला त्यांनी आमचं शेड पाहिलं नव्हतं.

पुढच्या दिवाळीला भाऊ कोरपन्याला गेले, स्वतः शिवलेला नवा सदरा घालून. वहिनींनी जवळ येऊन वास घेतला नाही. कॉलर पाहिली.

सरळ होती.

पोरीला हाक मारली आणि म्हणाल्या, "चाल, घरी जाऊ."

आज त्याच शेडमध्ये भाऊंची शोकसभा झाली. भाऊसाहेब आता वाचनालयाचे अध्यक्ष आहेत. माइक घेऊन म्हणाले, "देवाजींच्या या कार्याच्या पाठीशी आम्ही पहिल्या दिवसापासून खंबीरपणे उभे होतो."

उभे होते हे खरंच. दारात.

बराच वेळ बोलले. 'व्यसनमुक्त समाज' अनेकदा झाला. मागे चिता धडधडत होती, तिला बिचारीला उठून जाता येत नव्हतं.

शेवटी त्यांनी विचारलं, आणखी कुणाला श्रद्धांजली वाहायची आहे का?

रामा उठला. डोकं पूर्ण पांढरं. माइक त्याने घेतलाच नाही.

"मी रामा. मी दारुडा. आज प्यालो नाई."

बसला. शेजारचा उठला, तेच म्हणाला. मग त्याच्या मागचा. मग मी कधी न पाहिलेला एक तरुण. कुणीच भाऊंचं नाव घेतलं नाही.

"हे काय चालू आहे?" भाऊसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं.

कौसल्यावहिनी हट्टाने मसनवटीत आल्या होत्या. पदर सावरत म्हणाल्या, "मीटिंग हाय, भाऊसाहेब. बसा तुमीबी. इथी कोणालेच मनाई नाई."

देवाजीभाऊ, भावपूर्ण वगैरे जे असतं ते माइकवरून वाहून झालं आहे. माझा नुसता नमस्कार घ्या.

बुधवारी चहा मांडतो आहोत.