पाहुणे, मनुके आणि मस्कत

चाकूरजवळ आमचा द्राक्षमळा आहे आणि मळ्यातच घरचा वाइनचा कारखाना. मस्कत नावाची गोड वाइन करतो, शिवाय दोन-तीन जातींची मिसळ करून लाल वाइन. हे मी कुठेही छाती पुढे काढून सांगतो. थोरले बंधू मात्र सोयरिकीच्या बोलण्यात आवाज खाली आणतात. माझ्या मुलीला नांदेडचं स्थळ आलं, तेव्हा त्यांनी परस्पर सांगून टाकलं, "मनुक्यांचा धंदा हाय."

पाहुणे आले ते नेमके तोडणीच्या दिवसांत. घरभर आंबत्या द्राक्षांचा वास. बंधूंनी उदबत्त्यांचा अख्खा जुडगा पेटवला. देवळात कुणीतरी पिऊन बसलंय, असं वाटायला लागलं.

मुलीने पोहे ठेवले आणि तिचा फोन वाजला. मस्कतची टाकी अपेक्षेआधीच तयार झाली होती. रसात गोडी शिल्लक असतानाच द्राक्षाची ब्रँडी ओतून आंबणं थांबवावं लागतं. उशीर झाला, तर गोडी गेली आणि वर्षाची मस्कतही गेली. ती वेळ आमच्या घरात फक्त मुलगी ठरवते.

"मला जावं लागंल," ती उठली.

"बस गप," बंधू कुजबुजले. "मनुके काय पळून चाललेत का?"

"काका, मनुके न्हाईत, वाइन हाय."

पैठणीचा पदर खोचून ती निघालीसुद्धा. मुलाची आई, निवृत्त शिक्षिका, हातातली बशी ठेवून तिच्यामागे निघाल्या. त्यांच्यामागे आमची सगळ्यांची वरात.

टाकीपाशी मुलीने घोट घेतला, तोंडात फिरवला आणि होणाऱ्या सासूसमोर बादलीत थुंकला. बंधूंनी डोळे मिटले. "सोडा आता," ती गड्यांना म्हणाली. ब्रँडी टाकीत गेली. माझी मान अशी ताठ झाली की दुसऱ्या दिवशी शेकावी लागली.

"लग्नानंतर हे कोण बघंल?" बाईंनी विचारलं.

"मीच. हंगामात मी इथंच राहणार. आधीच सांगते."

"बरं झालं सांगितलंस. लपवाछपवी मला चालत न्हाई," बाई म्हणाल्या, पण बघत होत्या माझ्या बंधूंकडे.

लग्न झालं. हंगामात आता जावईही टाक्या धुतात. विहीणबाई दर दिवाळीला न चुकता बंधूंना फोन करतात, "दादा, मळ्यातले मनुके पाठवा की." बंधू मुकाट्याने लातूरच्या बाजारातून मनुके विकत आणतात. मी त्याच पार्सलमध्ये शेजारी मस्कतची बाटली ठेवतो. तिच्यावर माझ्या मुलीची सही असते.